विशेषणं बाहेर काढून या

परी नव्हती.

आत्ता होती. दारात चपलांच्या ढिगापाशी बसलेली. मी पान उलटलं तवा होती, मॅडम "वाच, पुढं वाच" म्हणल्या तवा पण तिच्या दोन शेंड्या मला दिसत होत्या, आन वाचून संपलं, मान वर केली, तर दारात कुणीच नाय. मी वही ठेवली का फेकली मला ठाऊक नाय. बाहेर पळाले. विहाराच्या अंगणात बघितलं, पिंपळामागं बघितलं, पाण्याच्या टाकीपाशी गेले, झाकण बंद दिसलं तवा कुठं श्वास आला. मग रस्त्यावर. गारखेड्यातली ती गल्ली दुपारची झोपलेलीच असती. इस्त्रीवाल्या दादाला विचारलं, माझी पोरगी बघितली का, तीन वर्षांची, गोरी, गोड, लाल फ्रॉक. नाय म्हणला. एक मावशी कुरड्या वाळत घालत होत्या, त्यांना विचारलं, गोरी, गोड, लाल फ्रॉक. नाय म्हणल्या. एका मोटारसायकलवाल्याला आडवीच गेले. तो म्हणला, ताई, लाल फ्रॉकच्या पोरी तर पावलोपावली आहेत.

वर्गातल्या बाया चारी बाजूला पांगल्या, जिकडं तिकडं "परी, परी" चाललं. मी घराकडं पळायला निघाले तर साळवे मॅडमनं माझं मनगट धरलं.

"थांब."

"सोडा मॅडम."

"तुझी पोरगी कशी आहे ते सांग मला."

मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. माझं लेकरू हरवलंय आन हिला धडा घ्यायचाय. मनगट ओढलं तर त्यांनी अजून घट्ट धरलं.

आता ही बाई कोण ते कळल्याशिवाय तुम्हाला हे मनगट कळायचं नाय, म्हणून पटपट सांगते.

मी पिशोरची. नववी झाली आन शाळा सुटली, मग लग्न, मग संभाजीनगर, मग परी. आमचे हे कंपनीत, कधी दिवसपाळी कधी रातपाळी. शेजारच्या मंदाताई एक दिवस म्हणल्या, अर्चना, विहाराच्या मागच्या खोलीत एक रिटायर मॅडम बायांना दुपारच्याला शिकवतात, पैसा घेत नाय, बाहेरून दहावीचा फॉर्म पण भरून देतात, लेकरू घेऊन आलं तरी चालतंय. मी भीत भीत गेले. मला सगळ्याचीच भीती वाटती, रस्ता वलांडायची वाटती, लिफ्टची वाटती, मॅडम लोकांची तर लईच.

दारात चप्पल काढली, आत पाय टाकला, तर खिडकीच्या कट्ट्यावर एक बाई बसलेली. पांढरे केस, सुती साडी, आन साडीखाली पळायचे असतात ना तसले बूट. कानावर खडू ठेवलेला, सुतार पेन्सिल ठेवतो तसा. मूठभर शेंगदाणे चालू. माझ्याकडं बघून म्हणल्या, "विशेषणं पण काढून आलीस का?"

मला वाटलं काहीतरी दागिना असंल. मी कानाला हात लावला.

सगळ्या बाया अशा हसल्या की मी रडायच्या बेतात आले. मॅडम हसल्या नाय. त्या म्हणल्या, बरोबर आहे हिचं, दागिनाच असतो तो, आन घरात कोण घालून बसतंय. मग मला समजावून सांगितलं. प्रेमळ, कष्टाळू, सुंदर, दुष्ट, हे सगळे शब्द चपलांसंगं बाहेर काढायचे. इथं आत माणूस काय करतो तेवढंच सांगायचं.

खुर्चीवर त्या कधी बसल्या नाय. म्हणायच्या, खुर्चीवर बसलं की माझं तोंड आपोआप मुख्याध्यापिकेसारखं होतं. स्कूटी होती त्यांची, ती त्या दोन्ही पाय खाली सोडून चालवायच्या, चालवायच्या म्हणजे सायकलवाले त्यांना मागं टाकून जायचे. आन गाईडवर त्यांचा लई राग. माझ्या गाईडात धड्याच्या खाली लिहिलेलं, नायक हा प्रामाणिक, कष्टाळू व प्रेमळ आहे. पुढच्या धड्यातला पण तसाच. त्याच्या पुढचा पण. मॅडमनं ते मोठ्यानं वाचलं आन आम्हाला विचारलं, ही सगळी एकाच आईची लेकरं आहेत का गं?

गोष्ट त्या दोनदा वाचायच्या. पहिल्यांदा नुसती ऐकायची. दुसऱ्यांदा माणसाचे हात कुठं आहेत ते बघायचं, असं म्हणायच्या. मला आधी कळायचंच नाय. मग एक दिवस एका म्हाताऱ्याची गोष्ट वाचली. त्यांनीच लिहिली होती बहुतेक, पण कबूल करत नव्हत्या. म्हातारा लेकाला सोडायला बसस्टँडवर येतो. बस जाती. तो हात हलवत नाय. लेक ज्या बाकड्यावर बसला होता ती जागा खिशातल्या रुमालानं पुसतो आन तिथं बसतो. संपली गोष्ट.

मॅडमनं विचारलं, काय कळलं. मी लगेच म्हणले, म्हातारा प्रेमळ होता.

"प्रेमळ म्हणलीस आन दार लावून घेतलंस तू त्याच्या तोंडावर," मॅडम म्हणल्या. "रुमालाचं काय करू आता मी?"

खरंच की. ज्या जागेवर आपलं लेकरू बसलं होतं ती पुसली कामून? पुसल्यावर तर त्याचं काय होतं ते पण जातं. मग नजमाभाभी बोलली. नजमाभाभी उस्मानपुऱ्याची, आमच्या वर्गात सगळ्यात उशिरा यायची आन सगळ्यात आधी पळायची, सारखा घरून फोन. ती म्हणली, "रोना आ रहा हुएंगा उसको मॅडम. दस्ती निकालने को बहाना होना ना."

दस्ती म्हणजे रुमाल. मॅडमचं शेंगदाणे चावायचं थांबलं. त्या कट्ट्यावरून उतरल्या, फळ्यापाशी गेल्या, कानावरचा खडू काढला, आन काहीच न लिहिता परत येऊन बसल्या. एवढीशी गोष्ट, त्यात तो म्हातारा कुठंच रडला नव्हता, आन नजमाभाभीनं त्याला रडताना पकडला.

त्या दिवसापासून मला येड लागलं. भाजी घेताना भाजीवालीचे हात बघायची, दवाखान्यात रांगेतल्या बायांचे बघायची. यांना म्हणले, तुम्ही खोटं बोलताना घड्याळाचा पट्टा सैल करता. दोन दिवस माझ्याशी बोलले नाय.

सासूवर लिहायला सांगितलं होतं एकदा. सगळ्यांनी घाबरून गोड गोड लिहिलं, मॅडमनं एकेकीला विचारलं, ही वही सासू वाचते का घरी? मंदाताईनं मात्र लिहिलेलं की माझी सासू सगळ्यांना भाकरी वाढताना ताटाकडं बघते, मला वाढताना दुसरीकडं बघते. बास, एवढंच. त्यावर वर्गात भांडण लागलं. एकजण म्हणली, सून दोन खाती का चार ते दिसू नये म्हणून बघत नाय, माया आहे. दुसरी म्हणली, माया कशाची, तोंड बघवत नसंल. मंदाताईला विचारलं तर मंदाताई म्हणली, मला वीस वर्षांत कळलं नाय, तुम्ही सांगा. मॅडमला विचारलं तर त्या म्हणल्या, दोन्ही असू द्या की. एका बाईत दोन बाया मावत नाय का? घरी आरशात बघा जरा.

आन एक गोष्ट मंदाताईनं सांगितलेली, मी नव्हते तिथं, त्यांना मॅडमनं संगं नेलं होतं. मॅडम रिटायर झाल्या तवा शाळेत निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. पाहुणे बोलले, साळवे मॅडम म्हणजे मनमिळाऊ, शिस्तप्रिय, हसतमुख व्यक्तिमत्त्व. मग दुसरे पाहुणे, परत मनमिळाऊ, परत शिस्तप्रिय. शेवटी मॅडम बोलायला उभ्या राहिल्या, शाल सावरली आन म्हणल्या, या बाईबद्दल मी लई ऐकलं आज, भेट घालून द्या एकदा. लोकांना वाटलं जोक आहे, टाळ्या वाजवल्या. मंदाताई म्हणती की मॅडम घरी जाताना रिक्षात नुसता त्या शालीचा एक एक धागा ओढत होत्या. मला वाटतं त्यांना वाईट वाटलं असंल, की एवढी वर्षं एका ठिकाणी काढली आन कुणी बघितलंच नाय.

असल्या मॅडम. तर त्या दिवशी मी वाचत होते ते यांच्यावर लिहिलेलं. घरातलं एक माणूस लिहा, एक पण विशेषण नको, असं दिलं होतं. मी लिहिलेलं की रातपाळीवरून आले की हे बेल वाजवत नाय, दाराच्या लाकडावर नख घासतात, कारण परी बेलला दचकून उठती. मला ते झोपेत पण ऐकू येतं. मी अडखळत अडखळत वाचत होते, माझे कान तापले होते, आन मॅडम पहिल्यांदाच मला म्हणल्या, वाच, पुढं वाच. मधीच नजमाभाभीचा फोन वाजला, तिची नणंद दारात येऊन बसली होती आन चावी हिच्याकडं, ती खालच्या मानेनं उठून गेली. मी वाचतच राहिले. उभ्या आयुष्यात मला कुणी पुढं वाच म्हणलं नव्हतं.

आन परी नव्हती.

मनगट मॅडमच्या हातात. मी म्हणले, "गोरी आहे, गोड आहे, सांगितलं ना."

"ते नको."

"शांत आहे. माझं ऐकती."

"ही कॅलेंडरवरची पोरगी झाली, अर्चना. तुझी काय करते?"

"माझी... मॅडम, मला जाऊ द्या, तिकडं मोठा रस्ता आहे..."

"काय करते? दिवसभर काय करते ती?"

आन मी वरडले. एवढ्या मोठ्यानं की विहारातल्या कबुतरांनी पंख फडफडवले. "चपला देती. दुसरं काय करती ती, चपला देती. कुणी उठलं की त्याची चप्पल नेऊन त्याच्या पायापाशी ठेवती, पाहुणा जरा हलला तरी ठेवती, लोकांना वाटतं आम्ही हाकलतोय, मला लाज येती मॅडम, कुणाची कोणती ते तिला बरोबर कळतं, दुसऱ्यानं दुसऱ्याची घातली तर रडून गोंधळ करती..."

मी बोलता बोलताच थांबले. मॅडम खाली बघत होत्या. चपलांच्या ढिगाकडं.

तेवढ्यात मंदाताई अनवाणीच गल्लीतून पळत आल्या, पाय पोळलेले, आन चपला शोधायला लागल्या. "माझी चप्पल कुठं गेली?"

मंदाताईची आन नजमाभाभीची चप्पल सारखीच. दोघींनी बाजारात एकाच गाड्यावरून घेतलेली, मरून रंगाची, सोनेरी पट्ट्याची. फरक एवढाच की नजमाभाभीच्या पट्ट्याला सेफ्टीपिन लावलेली. घाईत भाभी मंदाताईची घालून गेली.

मॅडमनं माझ्याकडं बघितलं. "मग इथं कुणाची राहायला पाहिजे?"

"नजमाभाभीची."

"आहे का?"

ती पण नव्हती. मी ढीग उपसला, दोन्ही हातांनी उपसला, नव्हती. माझी पोरगी नजमाभाभीला तिची चप्पल द्यायला गेली होती. उस्मानपुऱ्याला. तीन वर्षांची.

भाभीला फोन लावला तर नुसती रिंग, पर्समधी असंल. मॅडमनं स्कूटी काढली, मी मागं बसले, आन देवाशपथ सांगते, त्या बाईनं त्या दिवशी पाय वर घेऊन गाडी चालवली. इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी करकचून ब्रेक. मी म्हणले, मॅडम, याला विचारलं मी, यानं नाय बघितली. त्यांनी माझ्याकडं लक्षच दिलं नाय.

"दादा, मोठ्या बाईच्या चपला घेऊन जाणारी पोरगी बघितली का?"

"व्हय, बघितली की," तो म्हणला. "दोन्ही चपला छातीशी धरून चालली होती. मी म्हणलं पण, कुठं निघाल्या मॅडम. चौकाकडं गेली."

मी रडायलाच लागले. "मी विचारलं तवा नाय म्हणला ना तुम्ही."

"तुम्ही गोरी म्हणल्या ना ताई. ती तर सावळी होती."

मॅडमची पाठ माझ्यापुढं होती. मी काय सांगू तुम्हाला. सावळीच आहे माझी पोरगी. माझ्यावरच गेली आहे. मला ती गोरी दिसती, जन्मली तवापासून दिसती, आन त्या दिसण्यापायी मी सगळ्या गल्लीला दुसऱ्याच कुणाची तरी पोरगी शोधायला लावलेली.

मग काय, सगळ्यांनीच बघितलेली निघाली. उसाच्या रसवाल्यानं बघितली, त्याच्या इथं एक चप्पल पडली तर ती परत येऊन घेऊन गेली. दूधवाल्याच्या बाईनं हाक मारली तर मान पण वळवली नाय. एक म्हातारे आजोबा काठीनं दाखवत होते, तिकडं, तिकडं, सेफ्टीपिनवाली चप्पल. त्यांना सेफ्टीपिन पण दिसली होती. मी मागच्या सीटवर हसत होते का रडत होते मला सांगता येत नाय, प्रत्येक माणूस हात करत होता आन प्रत्येक हातागणिक माझी परी थोडी थोडी परत येत होती, चालताना, वाकताना, चप्पल उचलताना. पण पुढं चौक होता. ट्रकचे हॉर्न ऐकू यायला लागले तवा मी मॅडमच्या कंबरेला अशी मिठी मारली की त्या खोकल्या.

चौकात शेअर रिक्षांचा स्टँड, उस्मानपुऱ्याला जाणाऱ्या. नजमाभाभी रोज तिथूनच बसायची, परीनं दोनदा बघितलेलं, मी भाभीला सोडायला जायची तवा. पहिल्याच रिक्षात, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, सावलीत, पाय लोंबकळत, मांडीवर मरून चपला. ड्रायव्हर खाली उभा, त्याचा नंबर लागलेला, मागचे वरडत होते, हा गाडी हलवत नव्हता.

"बाई, तुम्हारी बच्ची है क्या? कब से पूछरा मैं, नाम बोलतीच नै," तो म्हणला. "भाभी की चप्पल, भाभी की चप्पल, इत्ताच बोलरी."

परीनं मला बघितलं. रडली नाय, उडी मारून आली पण नाय. चपला थोड्या वर करून दाखवल्या आन म्हणली, "मम्मी, भाभी चुकली." मी उशीर केला असल्यासारखी म्हणली.

तिच्या पायात काहीच नव्हतं. दुसऱ्याच्या चपला उचलून आणल्या आन स्वतःच्या तिथंच ठेवून आली होती. तळवे काळे झालेले. एका अंगठ्याला रक्त.

माझा हात वर गेला. खरं सांगते, मारायलाच गेला. स्टँडवरचे सगळे बघत होते, तो ड्रायव्हर मधी येऊ का नको अशा तोंडानं उभा होता. परीनं डोळे मिटून घेतले, पण चपला सोडल्या नाय. मग तो हात खाली आला, आन खाली आला तवा त्यात मार होता का माया होती मला अजून ठाऊक नाय. तिचा खांदा मी एवढा घट्ट धरला की ती म्हणली, मम्मी, दुखतंय. संध्याकाळी फ्रॉक काढला तवा चार बोटं उमटलेली होती.

मी मागं बघितलं. मॅडम स्कूटीवरून उतरल्या पण नव्हत्या. एक पाय रस्त्यावर टेकवलेला, केस विस्कटलेले, ओठ पांढरे पडलेले. मला वाटलं आता म्हणतील, बघ, सापडली ना. म्हणतील, शाब्बास. माझ्या तोंडाकडं पण बघत नव्हत्या. परीच्या खांद्यावरच्या माझ्या हाताकडं बघत होत्या, एकटक, गोष्ट दुसऱ्यांदा वाचताना बघायच्या तसं. मग गाडी वळवली. वर्ग उघडाच टाकून आलो होतो. आम्हाला त्या रिक्षावाल्यानं उस्मानपुऱ्याला सोडलं, कारण चप्पल दिल्याशिवाय परी घरी यायला तयार नव्हती.

मॅडमला मी बघितलं ते तेवढंच शेवटचं. त्याच आठवड्यात लेकीच्या बाळंतपणाला त्या नाशिकला गेल्या, नातू आजारी राहतो म्हणून तिकडंच राहिल्या. फोनवर बोलतात, परी काय करती आता, विचारतात. तू कशी आहेस असं नाय विचारत. आन त्या दिवशी त्यांना माझ्या हातात काय दिसलं ते मला विचारायचा धीर होत नाय.

म्हणून तुम्हालाच विचारते. लेकरू समोर आहे, जितं आहे, त्याची काही चूक नाय, उलट त्यानं भलंच केलंय. आन तुमचा जीव आत्ता कुठं परत आलाय, आन हात वर गेलेला आहे.

तुम्ही काय केलं असतं?